ओल्या कागदाची मुदत

चित्र काढताना अहंकार बाजूला ठेवावा, आतल्या जाणिवेवर भरवसा ठेवावा, असं वर्गात, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला, मुलाखतींत सगळीकडे बोललं जातं. ते खरंच आहे. पण बाजूला ठेवायचा म्हणजे हाताने नेमकं करायचं काय, हे सहसा कुणी सांगत नाही. ऐकणारा मान डोलावतो, घरी येतो, कोरा कागद पुढ्यात घेतो आणि "हे चांगलं यायला हवं" एवढा एकच विचार मनात आला की त्याचा हात आखडतो. या प्रश्नाचं सगळ्यात रोखठोक उत्तर मला जलरंगात दिसतं, कारण ओला कागद कुणासाठी थांबत नाही.

जलरंगात कागदाचा पांढरा हाच उजेड. तैलरंगात आज बिघडलेल्या जागेवर उद्या दुसरा थर चढवता येतो. इथे एकदा झाकलेला पांढरा पुन्हा तसा मिळत नाही. आणि वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा कागदावर दिलेला मोठा हात, ओला असतो ती काही मिनिटंच खरी कामाची. त्या मिनिटांत 'मी' मध्ये घुसला की तो कागदावर उमटतोच: मळलेला रंग, घासून सोललेला कागद, भीत भीत ओढलेली तुटकी कड. चित्रकाराने कितीही झाकलं तरी जाणत्याला हे लांबून ओळखू येतं.

अहंकार मनातून उपटून काढता येतो असं मला वाटत नाही. त्याला करायला काही उरणार नाही अशी कामाची मांडणी मात्र करता येते. ठरवण्यासारखं जे काही आहे ते कागद कोरडा असताना ठरवून संपवायचं. कागद ओला झाल्यावर ठरवणं बंद, फक्त बघणं आणि करणं. या दोन वेळा एकमेकींत मिसळल्या की चित्र बिघडतं. एरवी चांगला हात असलेल्यांची चित्रंही बहुतेक याच एका कारणाने फसतात.

ठाण्याची तलावपाळी घेऊ. मासुंदा तलाव, मधल्या बेटावरचं शंकराचं देऊळ, काठाची झाडं, मागे इमारतींची रांग, एका अंगाला गडकरी रंगायतन. सकाळी सातला पाळीवर बसल्यावर रंगांची पेटी उघडायचीच नाही. आधी वहीत सहा बाय चार सेंटिमीटरचे तीन चौकोन आखायचे आणि ६बी पेन्सिलीने प्रत्येकात फक्त तीन टोन भरायचे: कागदाचा पांढरा, मधला करडा आणि गडद. डोळे बारीक करून बघायचं. पापण्या मिटत आल्या की खिडक्या, पानं, रेलिंगच्या जाळ्या नाहीशा होतात आणि तीन-चार मोठे आकार उरतात. देवळाचं शिखर मागच्या झाडांच्या गडद पट्ट्यावर उजळ उठतंय, की आकाशावर काळपट दिसतंय? एवढं एक पक्कं झालं की अर्धं चित्र पक्कं झालं. चौकोनाला दोन मिनिटं पुरतात. तिन्हींपैकी सगळ्यात साधा निवडायचा, सगळ्यात हुशार दिसणारा नाही.

सावल्याही इथेच ठरवून टाकायच्या. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. चाळीस मिनिटांच्या चित्रात सावली चांगलीच हलते, आणि ती हलेल तसतशी चित्रात बदलत गेलं की शेवटी एका झाडाची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची समोर पडते. सव्वासातची सावली चौकोनात टिपली की तीच शेवटपर्यंत धरायची. पुढ्यात काय दिसतंय याच्याशी तिचा संबंध संपला.

मग साहित्य. पाव इम्पिरियल कागद, म्हणजे ११ बाय १५ इंच, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा). रंग चारच: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि एखादा उजळ पिवळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून पावसाळी ढगापासून ओल्या फांदीच्या काळ्यापर्यंत सगळे करडे निघतात. निळा जास्त असेल तर थंड, सिएना जास्त असेल तर ऊबदार. रंग कमी ठेवण्यामागे कारण आहे. पेटीत चोवीस रंग असले की प्रत्येक फटकाऱ्याला "कुठला घेऊ" हा प्रश्न उभा राहतो, आणि प्रश्न उभा राहिला की आपण पुन्हा ठरवण्याच्या वेळेत गेलो. चार रंगांत हाताला रस्ता तोंडपाठ होतो.

बोर्डाची वरची कड साधारण १५ अंश उचललेली हवी. मास्किंग टेपचा रोल खाली सरकवला की भागतं. पाण्याची भांडी दोन, अर्ध्या अर्ध्या लिटरची, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. आकाशासाठी रंग कालवायचा तो चहाचे चार चमचे भरतील एवढा. तो नेहमी कमी कालवला जातो. जपून, थोडा थोडा, वाया जाऊ नये म्हणून. मग आकाशाच्या मध्यावर रंग संपतो, पुन्हा कालवेपर्यंत वरची कड वाळते आणि आडवी रेघ कायमची बसते. शिवाय वाळल्यावर जलरंग एक पायरी फिका पडतो, म्हणून ताटलीत तो डोळ्याला खटकेल इतका गडद दिसायला हवा. या दोन्ही गोष्टींत भीती सारखीच आहे: चूक होईल म्हणून कमी घ्यायचं. भीतीने कालवलेला रंग कागदावर निस्तेजच दिसतो.

ब्रश १२ नंबरचा राउंड, म्हणजे गोल, आणि तो पेनासारखा टोकाशी धरायचा नाही. दांड्याच्या मधोमध किंवा त्याहून मागे. पुढे धरला की मनगट आणि बोटं काम करतात, आणि बोटांना लिहायची सवय असल्यामुळे ती लगेच खिडक्या मोजू लागतात. मागे धरला की खांद्यातून हात फिरतो आणि मोठा आकार एका दमात बसतो. ही एवढीशी गोष्ट, पण 'मोकळा हात' म्हणतात त्यातला निम्मा भाग ब्रश कुठे धरलाय यात असतो.

आता कागद ओला करायचा. इथून पुढची पंधरा-वीस मिनिटं जवळून बघण्यासारखी आहेत.

स्वच्छ पाण्याने आकाशाचा भाग भिजवला की कागद आरशासारखा चमकतो. तिरपं बघितलं तर वरच्या झाडाचं प्रतिबिंब त्यात दिसतं. या वेळी टाकलेला रंग वाटेल तिकडे पळतो, कड राहतच नाही. दूरचं धुकं, पावसाने भरलेलं आकाश यांच्यासाठी हीच वेळ. एक-दोन मिनिटांत पाणी तंतूंमध्ये उतरतं, चमक मंदावते आणि कागदाचे खड्डे-उंचवटे दिसू लागतात. आता टाकलेला रंग पसरतो, पण जागा सोडून जात नाही. मागची झाडं याच मिनिटांत टाकायची. मात्र ब्रशमधला रंग कागदावरच्या रंगापेक्षा घट्ट हवा, दह्याएवढा, नाहीतर तो विरघळून दिसेनासा होतो. त्यानंतर चमक पूर्ण जाते, कागद कोरडा वाटतो, पण हाताची मागची बाजू टेकवली की गार लागतो. ही धोक्याची वेळ. आत अजून पाणी आहे. आता पातळ रंगाचा किंवा पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी तो अर्धवट बसलेले रंगाचे कण पुढे ढकलत नेतो आणि कडेला दातेरी, कोबीच्या पानासारखी नक्षी सोडतो. चित्रकार तिला कॉलीफ्लॉवर म्हणतात. कारण सरळ आहे: जास्त ओल्याकडून कमी ओल्याकडे पाणी धावतं आणि जाताना कण घेऊन जातं. यानंतर कागद गार लागेनासा झाला की तो खरंच वाळला, आणि धारदार कडांचं काम तिथून सुरू.

वाळणाऱ्या थेंबाच्या कडेला गडद कडी का उरते, याचं भौतिकशास्त्र शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडलं. थेंबाची कड कागदाला धरून राहते, तिथून पाणी जास्त वेगाने उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि कण तिथे नेऊन टाकतं. सांडलेल्या कॉफीच्या डागाला कड येते ती यामुळेच. जलरंग वापरणाऱ्याला हे माहीत असणं उपयोगाचं आहे, कारण वॉशच्या खालच्या काठाशी साचलेला रंगाचा मणी पिळलेल्या ब्रशने टिपून घेतला नाही, तर तोच कडी होऊन बसतो किंवा मागे फिरून फुलतो.

हे सगळे टप्पे ठाण्यात महिन्यागणिक बदलतात. मेमध्ये नऊनंतर पाळीवर बसलात तर पाच-सात मिनिटांत खेळ आटोपतो. दोन टप्पे कधी येऊन गेले ते कळतही नाही. जुलैत हवाच पाण्याने भरलेली, तेव्हा तोच वॉश अर्धा तास गारच राहतो. म्हणून "तीन मिनिटांनी झाडं टाका" असं घड्याळ लावून कुणी शिकवू शकत नाही. चमक बघावी लागते. आणि इथेच ती आतली जाणीव म्हणतात तिची गाठ पडते. शे-दोनशे वॉश दिलेला माणूस चमक मंदावताना पाहतो आणि त्याचा हात आपसूक ब्रशाकडे जातो. विचारलं तर "आता टाकावंसं वाटलं" एवढंच तो सांगेल. तो खोटं बोलत नाही, काही लपवतही नाही. कागदाची चमक, हवेचा दमटपणा, ब्रशचं वजन हे सगळं डोळ्याने आणि हाताने शब्दांच्या आधी जोखलेलं असतं. हात बसला म्हणतात तो असा.

अशा बसलेल्या हाताला अडवणारं एकच असतं, आणि ते फार साळसूद चेहऱ्याने येतं. आकाशात एक डाग नको तिथे पसरला. त्या क्षणी मनात येतं, "एवढंच जरा नीट करू." कागद गार आहे, चमक गेलेली आहे, सगळं ज्ञान सांगतंय की हात लावू नको, तरी ब्रश जातो. एक डाग पुसायला गेलेलं पाणी कॉलीफ्लॉवर करतं, तो घासायला गेलं की कागदाचं सायझिंग निघतं. सायझिंग म्हणजे कागद बनवताना दिलेलं जिलेटिन किंवा तत्सम खळ. ती असते म्हणून रंग वर तरंगतो आणि ताजा दिसतो. ती निघाली की तेवढी जागा टीपकागदासारखी रंग पिते आणि मळकट होऊन बसते. आकाशातला मूळ डाग पाहणाऱ्याच्या लक्षातही आला नसता. त्याला ढग वाटला असता. "नीट करू" हा अहंकाराचा सगळ्यात सभ्य आवाज आहे, म्हणून तोच सगळ्यात जास्त चित्रं मारतो.

यावर उपाय शारीरिक आहे. डाग दिसला की ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा करून दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि तलावाकडे बघायचं. कागद पूर्ण वाळेपर्यंत. वाळल्यावरही तो डाग खटकलाच, तर सिंथेटिक फ्लॅट ब्रश ओलसर करून हलकेच दोन-तीन वेळा फिरवायचा आणि टिश्यूने वरून दाबायचं, पुसायचं नाही. अल्ट्रामरीन असेल तर बराच उठतो, कारण त्याचे कण जाड असतात आणि कागदाच्या खड्ड्यांत नुसते बसलेले असतात. थॅलो ब्लू हा दुसरा निळा असेल तर तो उठणार नाही. त्याचे कण फार बारीक, तंतूत शिरून डाग पाडतात. थॅलो मी चार रंगांत घेतला नाही त्याचं कारण हेच.

दुसरा आवाज मागे उभ्या राहिलेल्या माणसांमुळे येतो. तलावपाळीवर सकाळी फिरायला येणारे, नंतर कॉलेजची मुलं, संध्याकाळी तर जत्राच. लोक प्रेमाने बघतात, "किती वेळ लागतो?", "हे विकता का?" असं विचारतात. यात त्यांची काही चूक नाही. पण कुणी मागे थांबलं की ब्रश लगेच होडीची वल्ही, दिव्याचे खांब, माणसांची डोकी असलं ओळखू येणारं काढायला धावतो, कारण "अरे वा" तिथे मिळतं. वॉशला कुणी "अरे वा" म्हणत नाही. म्हणून ओलं काम गर्दी व्हायच्या आत उरकायचं, पाठ भिंतीला किंवा झाडाच्या बुंध्याला लावून बसायचं, आणि कुणी बोललंच तर ब्रश खाली ठेवून नीट दोन शब्द बोलायचं. बोलत बोलत रंगवायचं नाही. दोन्ही अर्धवट होतं.

फोनचंही तसंच. अर्ध्यावर फोटो काढून पाठवला की चित्र तिथेच संपतं. त्यापुढे हात त्या फोटोखाली आलेल्या शाबासकीची राखण करत बसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण आतल्या आवाजाच्या नावाखाली बराच आळस खपवला जातो. मनात पहिलं उमटतं ते सगळंच जाणिवेतून आलेलं नसतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळकरी पोराला निसर्गचित्र काढ म्हणा: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, एक झोपडी आणि नारळाचं झाड. तेही 'आतून'च येतं, न विचारता येतं, आणि त्यात बघणं अजिबात नसतं. तीच सवय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी गिरवलेल्या गोष्टी पुढे कितीतरी वर्षं हातात राहतात. मोठेपणी ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरासमोर बसूनही तोच हात ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा फासतो. जुलैतला येऊर उपवन तलावावरून बघा: जवळची झाडं पिवळसर हिरवी, मधली उतरण जवळजवळ निळी-करडी, आणि वरची कड पावसाच्या पडद्यात नुसती फिकट जांभळी. त्यात ट्यूबमधला हिरवा कुठेच नाही.

सवय आणि जाणीव यांतला फरक ओळखायची मला माहीत असलेली खूण अशी. सवय नेहमी वस्तूचं नाव घेऊन येते: झाड काढ, होडी काढ, खिडकी काढ. जाणीव जागेचं बोलते: इथे गडद हवं, इथली कड विरघळू दे, इथे हात लावू नको. आणि अहंकार चित्राबद्दल बोलतच नाही, तो बघणाऱ्याबद्दल बोलतो. हातात ब्रश असताना मनातलं वाक्य यांपैकी कुठल्या जातीचं आहे हे थोड्या सरावाने कळू लागतं.

सवय मोडायला एक जुना व्यायाम आहे: कागदाकडे न बघता रेषा काढणं. त्यासाठी ठाणे पूर्वेची खाडी उत्तम. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूने मीठबंदर रोडने खाली गेलं की ओहोटीच्या वेळी चिखलात कलंडलेल्या होड्या, तिवरांची मुळं, सुकत घातलेली जाळी असं सगळं समोर असतं. भरतीला हेच दृश्य सपाट पाणी होऊन जातं, म्हणून वेळ बघून जायला हवं. किनाऱ्यावर चालत आलेला हिशोब आहे: पक्षातल्या तिथीला तीनने गुणून चारने भागायचं, येईल तो आकडा भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, म्हणजे चिखल उघडा सकाळी नवाच्या आसपास. एकादशीला सव्वाआठला पाणी चढलेलं, त्या सकाळी होड्या तरंगताना मिळतील. हिशोब ढोबळ आहे, आणि ठाणं खाडीच्या आतल्या टोकाला असल्यामुळे इथे भरती मुंबईपेक्षा थोडी मागून येते. अर्धा तास हाताशी ठेवावा.

होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एक बिंदू निवडायचा, पेन कागदावर टेकवायचं आणि नजर त्या बिंदूवर. नजर मुंगीच्या वेगाने कडेवरून सरकेल तसंच पेन सरकवायचं. पाच मिनिटं. पेन उचलायचं नाही आणि कागदाकडे बघायचं नाही. मान आपोआप खाली वळते. तेव्हा मांडीवरच्या वहीवर रुमाल टाकायचा आणि हात त्याखाली चालू ठेवायचा. निघालेलं चित्र वेडंवाकडं असतं, नाळ एकीकडे, वल्हं दुसरीकडे. पण त्यातल्या कुठल्याही एका इंचात जो जिवंतपणा असतो तो बघून काढलेल्या रेषेत सहज येत नाही: फळीचा सांधा, दोरीने घासून पडलेली खाच, शेवाळाची ओळ. हात प्रत्यक्ष होडीमागे गेला, डोक्यातल्या होडीमागे गेला नाही. आणि हे चित्र दाखवण्यासारखं नसतंच, त्यामुळे दाखवण्याचा विचार मुळातच संपतो. घाई ही इथली मोठी चूक. पाच मिनिटांत अख्खी होडी पुरी झाली तर नजर धावली असं समजावं. नाळेपासून अर्ध्या काठापर्यंत पोहोचणं बरोबर.

याच जागी दुसरा सराव करता येतो. एकाच दृश्याची लागोपाठ तीन छोटी जलरंग चित्रं: पहिलं वीस मिनिटांत, दुसरं दहा, तिसरं पाच. एका मोठ्या कागदाचे आठ तुकडे करून आधीच पिशवीत ठेवायचे, साडेसात बाय अकरा इंचाचे. कापसापासून बनवलेला जलरंगाचा कागद महाग असतो आणि अख्खा महागडा कागद बोर्डावर चढवला की त्याची किंमतच हात धरून ठेवते. आठ तुकडे केले की एकाचा जीव तेवढा जड राहत नाही. पहिल्या चित्रात दृश्य समजतं, तिसऱ्यात वेळ पुरत नाही, आणि बहुधा दुसरं साधतं. कारण ठरवणं पहिल्यात आटोपलेलं असतं आणि तिसऱ्याची घाई अजून सुरू झालेली नसते.

सहजपणा म्हणजे बेफिकिरी, असा मात्र समज नको. सावळाराम हळदणकरांचं (१८८२–१९६८) निरांजन घेतलेल्या तरुणीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांच्या फटींतून झिरपणारा ज्योतीचा उजेड, चेहऱ्यावरची ऊब, साडीवरची मावळत जाणारी छाया, आणि हे सगळं जलरंगात. त्यात एकही फटकारा बेफिकीर नाही. उजेडाची प्रत्येक पायरी आधी मोजून कागद राखून ठेवल्याशिवाय जलरंगात असा उजेड निघतच नाही. तरी चित्र बघताना चित्रकाराचं कौशल्य आठवत नाही, उजेड आठवतो. कितीतरी लोक हे चित्र रविवर्म्याचं समजून घरात त्याची प्रत लावतात. हळदणकरांचं नाव लोकांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण चित्र नावावाचूनही आपल्या पायावर उभं राहिलं, हेही तेवढंच मोठं आहे.

दुसरं टोक वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१). मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, पुढे आकृती पूर्ण सोडून दिलेले. वर्षाकाठी मोजकी चित्रं. रोलर आणि पॅलेट नाइफने थर द्यायचे, काढायचे, पुन्हा द्यायचे. त्याआधी बराच काळ नुसतं थांबायचं. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. जाणीव झटपट चालते हा समज त्यांच्या कामापुढे टिकत नाही. ओल्या कागदापुढे ती क्षणात हालचाल मागते, कोऱ्या कॅनव्हासपुढे ती महिनाभर काही करू देत नाही. दोन्हीकडे आपल्या घाईला तिथे जागा नसते एवढंच सारखं.

परत तलावपाळीवर. वॉश वाळला, देवळाची धारदार कड आली, पाण्यातलं प्रतिबिंब उरलं. प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली पडतं, सावलीसारखं तिरपं जात नाही. गडद वस्तूचं थोडं उजळ, उजळ वस्तूचं थोडं गडद. ब्रश वरून खाली, आडवा नाही, आणि ओलं असतानाच एक-दोन कोरडे आडवे फटकारे, की झालं. यानंतर हात जे शोधू लागतो ते बहुतेक जास्तीचं असतं. एक साधी कसोटी उपयोगी पडते: पुढचा फटकारा कुठे आणि कशासाठी, हे उठून चार पावलं मागे गेल्यावरही डोळ्याला दिसत असेल तर तो द्यावा. जवळ बसल्यावरच सुचणारा फटकारा द्यायचा नाही.

सही तिथे करायची नाही. घरी नेलं की चित्र आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. काढलेल्या दिवशी आपण चित्र बघत नसतो, आपले कष्ट बघत असतो, आणि शाबासकी किंवा निराशा दोन्ही त्या कष्टांची असते. आठ दिवसांनी उलटं धरून बघायचं, मग आरशात, मग फोनवर काळा-पांढरा फोटो काढून वहीतल्या सहा बाय चारच्या चौकोनाशेजारी ठेवायचा. तीन टोन जुळले असतील तर रंग थोडे इकडेतिकडे असले तरी चित्र उभं राहतं. जुळले नसतील तर कुठे सुटले ते तिथेच बोट ठेवून दाखवता येतं. पहिल्या वॉशलाच आकाश गडद गेलं का, की मागची झाडं भीत भीत पातळ टाकली.

पावसाळ्यात चित्रांच्या आणि कागदांच्या ढिगाची जास्त काळजी लागते. जून ते सप्टेंबर ठाण्यात कोरा कागदसुद्धा उघड्यावर ठेवला तर ओल धरतो, सायझिंग जागोजागी मरतं, आणि मग वॉशमध्ये तांदळाएवढे गडद ठिपके उमटतात, ज्यांचा हाताशी काही संबंध नसतो. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून कागद आडवा ठेवायचा, आणि नवं चित्र सुरू करण्याआधी कोपऱ्यावर एक फटकारा मारून बघायचा. फसलेली चित्रं फाडायची नाहीत. चांगल्या कागदाला सायझिंग दोन्ही बाजूंना असतं, त्यामुळे पाठची बाजू तेवढीच कामाची असते, आणि आधीच वापरलेल्या कागदावर हात जास्त मोकळा चालतो. फक्त बोर्डावर चढवताना मध्ये प्लास्टिकचा एक पातळ ताव घालायचा. नाहीतर पाणी पार उतरलं की खालचा रंग सुटतो आणि बोर्डाला लागतो.